जवायाचं कापसाचं पोट

इंदूबाईनं कळंबात अन् आजूबाजूच्या खेड्यांत मिळून अडीच हजार बाळंतपणं केली. तिचे मालक बापूजी म्हणत, सोळाशे. पण बापूजी शाळेत कारकून होते, त्यांले कमी लिहायची सवय. आपण अडीच हजारच धरू. आता एवढ्या लेकरांच्या ढुंगणावर पहिली चापट मारणारी नर्स रिटायर झाल्यावर गप बसन कशी? पहिल्या महिन्यात तिनं लोणची घातली. दुसऱ्यात घरातले सगळे डबे उतरवून पुसले अन् परत चढवले. तिसऱ्यात ती दिवसातून चारदा बापूजीची नाडी पाहाले लागली, तवा बापूजीनंच हात जोडले की बाबा चिंतामणी, हिच्या हाताले काहीतरी काम दे. देव गावातलाच. त्यानं लवकर ऐकलं, अन् जरा जास्तच ऐकलं.

भिंतीले भिंत लागून शकील गादीवाल्याचं घर. शकील मोठा कारागीर, त्यानं मारलेली गाठ त्याच्याशिवाय कोणाच्या बापाले सुटत नाही. त्याची बायको सुग्राबी, अन् पोरगी रुबीना. रुबीनाले उमरखेडले दिलेली. जवाई शादाब तिथं ट्रॅक्टर दुरुस्त करे. पहिलंच बाळंतपण म्हणून रुबीना आठवा लागल्याबरोबर माहेरी आलती. एक दिवस ती इंदूबाईच्या ओट्यावर येऊन बसली, अन् कैरीची फोड चघळता चघळता रडाले लागली.

"मावशी, मले लय भेव लागून राह्यलं. शादाब आत माह्याजवळ उभा राह्यला तर मी नाही भ्यायची. तो नसला तर मी डॉक्टरीणबाईच्या हाताले चावीन, आताच सांगून ठेवते."

इंदूबाईले ती धमकी खरी वाटली. लहानपणी ही पोट्टी इंजेक्शन द्याले गेलं की खरंच चावत असे, इंदूबाईच्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे. ती तशीच चप्पल घालून बसस्टँडमागच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवऱ्यांचं नाव काढू नका. मागे एकाला दया येऊन आत घेतलं, तर तो ट्रेवर आडवा पडला. बायकोला एक टाका पडला अन् त्याच्या कपाळाला सहा. तेव्हापासून दारावर पाटीच लावली, पुरुषांना आत मनाई.

"शिकवलेला नवरा पडत नसते बाई," इंदूबाई म्हणाली.

"मग शिकवणार कोण?"

"मी."

शब्द निघून गेला. डॉक्टरीणबाईनं चष्मा पुसला अन् अट घातली. चार वर्ग पूर्ण पाहिजेत, खाली इंदूबाईची सही पाहिजे. चारांत एक कमी असला तर दार बंद. "तुमची सही खोटी नसते, म्हणून एवढं तरी बोलते," असंही म्हणाल्या. हे शेवटचं वाक्य इंदूबाईनं घरी येईस्तोवर अकरा जणांले ऐकवलं.

बापूजी म्हणाले, माह्या टायमाले काही तुनं वर्ग घेतला नाही. इंदूबाई म्हणाली, तुमच्या टायमाले तुम्ही शंकरपट पाहाले गेलते. हे खरंच होतं. पस्तीस वर्षांमागं त्यांचा पोरगा झाला त्या सकाळी बापूजी बैलांच्या शर्यतीत होते, अन् कोणाची जोडी किती सेकंदात पळाली ते सांगतच घरी आलते. तवापासून त्या घरात वरणात मीठ कमी पडलं तरी शंकरपट निघे.

आता वर्गाले जागा पाहिजे. समाजमंदिराचे अध्यक्ष होते बाबूसिंग. ते साल असं की कापसाले भाव नव्हता, अन् ज्याच्या त्याच्या घरात कापूस छातीलोक रचलेला. लोक कापसावर जेवत, कापसावर निजत, पाहुणा आला तर त्यालेही कापसावरच बसवत. पाहुणा उठून गेला की त्याच्या ढुंगणाले लागलेला कापूस दारात झटकून घेत. भाव आल्याशिवाय एक बोंड इकणार नाही अशी बाबूसिंगनं शपथ घेतलती. घर भरलं तवा उरलेला कापूस त्यानं समाजमंदिरात आणून टाकला. भिंतीवर थोर माणसांचे फोटो होते, त्यांच्या हनवटीपर्यंत ढीग. पण अध्यक्षालेच कोण इचारणार?

इंदूबाईनं अर्ज केला. उद्देश: बाळंतपणाचे वर्ग. त्यावर कमिटीची सभा बसली अन् दोन घंटे उठली नाही. हॉलात कोणी बाळंत झालं तर दहा दिवस सोयर, अन् पुढच्या महिन्यात तिथं चार लग्नं लागायची होती. वर्गात कोणी बाळंत होत नसते, इंदूबाई म्हणाली, शाळेत भाताचा धडा असते म्हणून काय शाळेत भात शिजते? कमिटीतला एक बुढा बराच इचार करून म्हणाला, खिचडी तर शिजते. झालं. शेवटी इंदूबाईकडून हमीपत्र लिहून घेतलं की समाजमंदिराच्या हद्दीत, म्हणजे आतमधी, ओट्यावर किंवा पायऱ्यांवर, कोणतीही बाई बाळंत होणार नाही. खाली दोन साक्षीदार. ज्या बाईनं बैलगाडीत, एसटीत अन् एकदा तर तहसीलच्या रांगेत बाळंतपण केलं, तिच्याकडून असं लिहून घ्यावं? इंदूबाई सही करताना पेन मोडन असं वाटलं. बाबूसिंगनं कागद चौघडी करून बंडीच्या खिशात घातला अन् सांगितलं की वर्गाले मी स्वतः हजर राहीन. माणसांसाठी नाही, कापसासाठी.

पहिला रविवार उजाडला. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "होणाऱ्या आईबापांचा वर्ग. जोडीनं येणे." नऊ माणसं आली. पाच बाया अन् चार बाप्पे. इंदूबाईनं खुशीखुशी जोड्या बसवाले घेतल्या, अन् तिच्या ध्यानात आलं की ह्या नवांत जोडी एकही नाही.

पाचही बाया कळंबच्या लेकी होत्या, बाळंतपणाले माहेरी आलेल्या. त्यांचे नवरे पुसदले, वणीले, दिग्रसले, अन् रुबीनाचा उमरखेडले. चारही बाप्पे कळंबचे होते, अन् त्यांच्या बायका गेलत्या आपापल्या माहेरी. त्यातला एक गोपाल, त्याची बायको पुसदले. त्यानं चटईवर बाजूची जागा रुमाल टाकून धरून ठेवलती, कोणासाठी ते त्यालेच ठाऊक.

पायरीवर रुपीबाई बसलती. रुपीबाई म्हणजे तांड्यावरची जुनी दाई, इंदूबाईच्या आधीची, अन् तिच्या स्वतःच्या मते इंदूबाईच्या वरची. चहा भेटन म्हणून आलती. ती हसाले लागली ते थांबेचना. "पहिलं बाळंतपण माहेरी होते, हे माह्या शेळीलेही मालूम आहे," ती म्हणाली. "तू अडीच हजार केली म्हणते, त कोणाची केली वो?"

इंदूबाईचं तोंड कापसासारखं पांढरं पडलं. पण नर्स माणूस, बाजी कधी सोडत नाही. तिनं बायांच्या पाठी चोळाले त्यांच्या आयांले बसवलं अन् मधी कापसाचा ढीग आडोसा ठेवला. परक्याचा नवरा आपल्या लेकीले दिसू नये यावर सुग्राबीसकट साऱ्या आया अडून बसल्या होत्या. बाप्प्यांसाठी तिनं शकीलकडून उशीच्या खोळी आणवल्या, बाबूसिंगच्या डोळ्यांदेखत त्या ढिगातून भरल्या, अन् प्रत्येकाच्या पोटावर एकेक बांधून दिली. सरकीसकट कापूस, चांगला वजनदार. दोघांनी पोटं सांभाळायची, दोघांनी त्यांच्या पाठी चोळायच्या, मंग उलटं. बाबूसिंग ओरडला, पण तवर गोपालले आठवा लागून गेलता.

साठवणीतला कापूस, त्यात अळ्यांची खाज. दहा मिनिटांत चारही गर्भार बाप्पे खाजवाले लागले. एक म्हणे, सोडा बाई. इंदूबाई म्हणाली, "बायका नऊ महिने सोडत नाही. तुम्ही घंटाभर दम काढा."

त्या घंट्यात ते चौघं जे शिकले ते चार पुस्तकांत नसन. गोपालनं उठताना पहिल्यांदा जमिनीवर हात टेकला अन् बराच वेळ तसाच राह्यला. संध्याकाळी त्यानं पुसदले फोन लावला, अन् बायकोले इचारलं की तुह्या कमरेले कसं आहे. बायको घाबरली. तिनं सासूले फोन केला की यांले काही झालं काय.

शादाब दुसऱ्या रविवारी आला. उमरखेडले त्यानं सांगितलं होतं, ट्रॅक्टर पाहाले चाललो. सहा फूट उंच गडी, हातावर ऑइल, पण समाजमंदिराच्या दारात असा उभा जसा शाळेत पहिल्या दिवशी. इंदूबाईनं त्या दिवशी मेहनत घेऊन देखावा केलता. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा अन् तिच्या नातीची, खुशीची, एका हाताची बाहुली. ट्यूबमधून बाहुलीचं डोस्कं हळूच दिसाले लागलं, अन् शादाब उभा होता तसा मागं कापसावर गेला.

"माह्या मालावर पडला," बाबूसिंग म्हणाला.

पाणी मारून उठवला. इंदूबाईनं इचारलं, काय गा, अख्खं इंजिन उघडून तू चटणीभाकर खातो म्हणते, तवा काही होत नाही? शादाब खाली पाहून म्हणाला, "मावशी, इंजिन वरडत नाही."

आडोशामागून रुबीनाचं हसणं ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी हसली ती.

तिसऱ्या रविवारी तो परत आला अन् पडला नाही. नुसता भिंतीले टेकला. बाबूसिंग तवर कापूस राखता राखता सगळं शिकून गेलता. बाया श्वास सोडत तवा तोही मिशा फुगवून सोडे, अन् कोणी लय घाई केली तर म्हणे, हळू, नाकानं. पण हिशोब असा की शादाबचा पहिला वर्ग बुडलेला. चौथा धरूनही तीनच होत होते. रुबीना म्हणाली, मावशी, तुमचाच कागद, लिहून टाका चार. इंदूबाईनं कानाले हात लावला. तिच्या सहीचा सवाल होता, अन् ती सही अकरा जणांत जाहीर झालती.

रात्रभर इचार करून सोमवारी सकाळी, शादाब परत निघायच्या आधी, तिनं तोड काढली. बुडलेल्या वर्गाच्या बदल्यात शादाबनं पुढच्या रविवारी उमरखेडच्या घरातून निघताना पोट बांधायचं, अन् एसटीनं कळंबले येऊन तिच्यासमोर सोडायचं. मधी कुठी काढलं तर बाद. गाठ मधात सुटू नये म्हणून शकीलनं ती कशी मारायची ते शादाबले तीनदा करून दाखवलं.

सुग्राबी चार दिवस इंदूबाईशी बोलली नाही. पाचव्या दिवशी भिंतीवरून म्हणाली, "आमच्यात जवाई आला त लोक उठून खुर्ची देतेत. तुम्ही त्याले पोट दिलं." शादाब तर सोमवारीच खोळ पोत्यात घालून, रुबीनाकडे एकदा पाहून, बसस्टँडवर गेलता.

चौथा रविवार. उमरखेडहून निघालेला माणूस यवतमाळले बस बदलून अकराले कळंबात उतरे. वर्गही अकराचा. सव्वा अकरा झाले, शादाब नाही. इंदूबाई सगळ्यांले लांब श्वास घ्याले सांगून राह्यली होती, अन् स्वतः दाराकडे पाहून राह्यली होती. तेवढ्यात आडोशामागं सुग्राबी ओरडली. रुबीनाची चटई ओली झालती. तारखेले अजून आठ दिवस होते.

सगळ्यांच्या आधी उठला बाबूसिंग. त्याचा हात सरळ बंडीच्या खिशात गेला. "हमीपत्र आहे बाई तुमचं," तो म्हणाला, "आतमधी नाही, ओट्यावर नाही, पायऱ्यांवर नाही." पण आवाज असा कापत होता की ते वाचून दाखवतो की रडतो ते कळेना. इंदूबाई म्हणाली, त मंग उचला.

रविवार, ऑटो एक नाही. दारात बाबूसिंगची बैलगाडी उभी होती, कापसानं भरलेली, पण बैल पाणी पाजाले नाल्यावर नेलते. तवा बापूजी, जे चारही वर्गांत फक्त सतरंजी टाकाले अन् उचलाले येत, ते पुढं झाले. त्यांनी धोतराचा काचा मारला अन् जू उचलून धरलं.

"चला गा," ते म्हणाले. "दोन डावीकडं, दोन उजवीकडं."

चारही बाप्प्यांच्या पोटांवर खोळी तशाच बांधलेल्या. सोडाले वेळ कोणाले होता. रुबीनाले कापसावर निजवलं, बाजूले सुग्राबी अन् इंदूबाई, अन् गाडी निघाली. बापूजी पुढं पळत होते अन् शंकरपटात देतेत तशा आरोळ्या देत होते. त्यांच्या पायात पस्तीस वर्षं साचलेली होती, ती त्या दिवशी निघाली. बाबूसिंग चाकाच्या बाजूनं धावत होता. "नाकानं घे बेटी, तोंडानं सोड. घाई नको. मी आहो." रुबीना घेई अन् सोडे. खरं पाह्यलं तर दोघांत बाबूसिंगच जास्त सोडत होता.

भर बाजारातून चार गर्भार बाप्पे कापसाची गाडी ओढत चालले अन् वर एक बाई कण्हत आहे, हे पाहून भजेवाल्याचं भजं कढईत जळालं. चहाच्या टपरीवरचा एक बुढा म्हणाला, कापसाले भाव नाही हे ऐकलं होतं, पण इतकं?

दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाई आल्या. रुबीनाले आत नेलं. मंग त्यांनी त्या चौघांकडे पाह्यलं, चौघंही घामेघूम, चौघांची पोटं वर. यातला नवरा कोणता? इंदूबाई म्हणाली, यातला नाही. आतून रुबीनाचा आवाज आला, "शादाब आला काय?" मंग दुसऱ्या कोणाचा तरी आवाज आला, "चावली."

दवाखाना बसस्टँडमागं आहे हे बरं झालं. स्टँडवर उतरल्या उतरल्या शादाबले कळलं की त्याच्या बायकोले कापसाच्या गाडीतून नेलं, अन् तो पोट दोन हातांनी धरून पळत आला. त्याची बस अर्धा घंटा उशिरा आलती, कारण आर्णीच्या पुढं ती बंद पडली. खाली उतरून शादाबनंच ती दुरुस्त केली, बांधलेल्या पोटानं, बसच्या खाली शिरून. म्हणजे शिरला नाही, अर्धा शिरला, पोट बाहेर राह्यलं. त्याआधी कंडक्टरनं त्याले बायांच्या सीटवर बसवलं होतं. एका म्हातारीनं त्याले उकडलेल्या शेंगा खाऊ घातल्या अन् इचारलं की कितवा महिना. तो म्हणाला, नववा. ती म्हणाली, पोरगी होईन, चेहरा खुलला आहे. दवाखान्यातली जुनी आया त्याले पाहून व्हीलचेअर घेऊन धावली, हे मात्र सगळ्यांनी पाह्यलं.

डॉक्टरीणबाईनं हात पुढं केला. "कागद."

इंदूबाईनं कागद काढला. दुसरा वर्ग, तिसरा वर्ग, अन् पोट बांधून केलेला प्रवास. तीन. चौथी ओळ कोरी. आतून रुबीना परत ओरडली. चारही बाप्पे, बापूजी, बाबूसिंग, सगळे त्या पेनाकडे पाहाले लागले. आयुष्यात एक खोटी नोंद नाही, अन् इथं एक ओळ.

सुग्राबीनं तिचा हात धरला. "इंदूबाई, आत जाऊ द्या त्याले. खानदानाच्या इज्जतीचं मी मागून पाहून घेईन."

इंदूबाईनं घड्याळ पाह्यलं. मंग ताठ झाली, जशी वॉर्डात राउंडाच्या वेळी होत असे. "चौथा वर्ग अकराले सुरू झालता," ती म्हणाली. "अजून सुटला नाही. फक्त जागा बदलली." अन् चौथ्या ओळीत लिहिलं, 'वर्ग चालू. ठिकाण: आत.' खाली सही.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुसला. म्हणाल्या, ते पोट सोडून या. शादाब गाठ सोडाले लागला. गोपाल लागला. बाबूसिंगनं दात लावले. पण गाठ होती शकीलची शिकवलेली, अन् शकील दुकानात. आतून तिसरी आरोळी आली तवा डॉक्टरीणबाईनं त्याच्या पोटावरून हिरवा गाऊन चढवला अन् त्याले आत ओढलं.

रुबीनानं डोळे उघडले. समोर नवरा, हिरवा गाऊन, नववा महिना. तिनं एकदा पाह्यलं, अन् तिले जे हसू फुटलं ते थांबेना, अन् हसता हसताच पोरगी झाली. सहसा असं होत नाही. पण इंदूबाई सांगते अन् इंदूबाईची सही खोटी नसते.

लेकराचं पहिलं रडणं ऐकून शादाब मात्र पडला. सहा फुटाचा गडी, सरळ तोंडावर. पण खाली पोट होतं. तो पोटावर आपटला, जरा उसळला, अन् बसलेला राह्यला. कपाळाले खरचटलंही नाही. त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईनं दारावरची पाटी बदलली. 'पुरुषांना आत प्रवेश पोटासह.'

बापूजीनं गाडीचा टाइम घड्याळात लावला होता. चार मिनिटं अकरा सेकंद. तवापासून त्या घरात शंकरपट निघते, पण आता काढते बापूजी. रुपीबाई म्हणे, मी बिनापोटाचे नवरे आत घेतले असते. पण पाचव्या वर्गाले ती पायरीवर नव्हती, आत बसलती, अन् गोपालले उठायची रीत दाखवून राह्यली होती.

शकीलनं जवायाचं पोट उसवलं, सरकी काढली, कापूस पिंजला अन् त्याची एक इवलीशी गादी शिवली. ती पोरगी दुसऱ्या कशावर निजतच नव्हती. सव्वा महिन्यानं बाबूसिंग वजनकाटा घेऊन सुग्राबीच्या दारात आला. पाच खोळींतल्या चार परत भेटल्या होत्या, पाचवीचा माल बाकी होता. सुग्राबीनं त्याले आत नेलं अन् गादी दाखवली. पोरगी हातपाय पसरून निजलेली, अन् गादी नुकतीच ओली केलेली.

बाबूसिंगनं काटा मागं लपवला. मिशा फुगवून हळूच श्वास सोडला.

"राहू द्या," तो म्हणाला. "भाव आला की पाहू."